पावसाळाभर कपाटात राहिलेली ४ टीबी हार्ड डिस्क : आधी वॉरंटी की आधी डेटा?

देवगड तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातला हा फोटो स्टुडिओ. समुद्र जेमतेम दोनशे मीटरवर. एप्रिल-मेमध्ये चाकरमानी गावी असतात तेवढ्यात लग्नं उरकायची, म्हणून दीड महिन्यात वर्षाचं निम्मं काम होतं. पाऊस लागला की शूटिंग थांबतं. अल्बमची निवड मात्र गणपतीपर्यंत रेंगाळते, कारण मुंबईची मंडळी पुन्हा गावात येतात ती तेव्हाच.

स्टुडिओत दोन एक्स्टर्नल हार्ड डिस्क होत्या. जुनी २ टीबीची, त्यात आधीच्या वर्षांची कामं. दुसरी ४ टीबीची, अडीच इंची, वेगळा अडॅप्टर न लागणारी, यूएसबी ३.० आणि मायक्रो-बी पोर्टची. ती ऑनलाइन घेऊन २५ महिने झाले होते, वॉरंटी ३ वर्षांची. यंदाच्या अकरा लग्नांचा सुमारे १.२ टीबी डेटा फक्त या ४ टीबीच्या डिस्कवर होता. मेमरी कार्डं पुढच्या कामासाठी फॉरमॅट झाली होती. म्हणजे एक्स्टर्नल डिस्क असूनही बॅकअप नव्हता, फक्त फोटोंची जागा बदलली होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात डिस्क एसी असलेल्या एडिटिंगच्या खोलीतून निघाली आणि बाहेरच्या लोखंडी कपाटात गेली, केबल डिस्कलाच गुंडाळून. गणपतीला बारा दिवस उरले असताना ती परत काढून कॉम्प्युटरच्या पुढच्या पोर्टला, तेही एक्स्टेन्शन केबल लावून, जोडली. दिवा लागला, मोटर फिरल्याचा आवाज आला, मग टिक, टिक, आणि विंडोजचा जोडल्या-तुटल्याचा आवाज. चौथ्या खेपेला ड्राइव्हचं अक्षर दिसलं, पण ‘फॉरमॅट करा’ असा संदेश आला. फॉरमॅट केलं नाही, ते फार चांगलं झालं. मदतनिसाने मात्र ‘दादा, चेकडिस्क मारून बघूया’ म्हटलं आणि दुरुस्तीच्या पर्यायासह चेकडिस्क चालवली गेली. ती दुसऱ्या टप्प्यात वीस मिनिटं अडकली, तेव्हा केबल ओढून काढली.

नुकसान दोन ठिकाणी झालं, आणि दोन्ही टाळता आली असती. चेकडिस्क ही फाइल सिस्टीम, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याची डिस्कवरची नोंदवही, सुसंगत करण्यासाठी आहे, फाइल वाचवण्यासाठी नाही. ती डिस्कवर लिहिते. ज्या डिस्कचं वाचणंच धड नाही तिच्यावर ती वाचता न आलेल्या नोंदी चुकीच्या समजून काढून टाकते किंवा ‘फाउंड’ नावाच्या फोल्डरात सरकवते. आणि लिहिणं चालू असताना केबल ओढली की अर्धवट लिहिलेले सेक्टर, म्हणजे डेटा ठेवायचे छोटे कप्पे, मागे राहतात.

बिघाड कुठे होता

पहिली तपासणी नुसत्या डोळ्यांनी, टॉर्च आणि भिंग घेऊन. केबलच्या मायक्रो-बी टोकाच्या पिनांवर हिरवट थर होता. डिस्कच्या पोर्टमधल्या पिना फक्त निस्तेज झाल्या होत्या, हिरवेपणा नव्हता. हा फरक पुढे वॉरंटीच्या वेळी कामाला आला.

हिरवा थर येतो तो असा. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचे बारीक कण घरात येतात आणि सगळीकडे बसतात. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं आणि पिनेवर खाऱ्या पाण्याची पातळ फिल्म तयार होते. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता कित्येक दिवस सलग ८५ टक्क्यांच्या वर असते, म्हणजे ती फिल्म वाळतच नाही. पिनेवरचा सोन्याचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि केबल काढता-घालता घासला जातो. खालचं तांबं उघडं पडलं की क्लोराइड त्याला खातं.

त्यात भर एसीची. बाहेर २९ अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू सुमारे २६ अंशांवर येतो. २२ अंशांच्या खोलीतून डिस्क थेट बाहेर आणली की तिच्या धातूवर पाणी धरतं, थंड तांब्याला घाम फुटतो तसं. ही डिस्क मेभर दिवसातून तीन-चारदा अशी आत-बाहेर झाली आणि शेवटी घामेजलेलीच कपाटात गेली.

गंजलेल्या जोडाचा परिणाम विजेवर होतो. अडीच इंची डिस्क सुरू होताना क्षणभर एक अँपिअरच्या आसपास करंट घेते, आणि यूएसबी ३.० पोर्टची हमी ९०० मिलिअँपिअरची. जोडावर अर्धा ओहम विरोध वाढला तर एका अँपिअरला अर्धा व्होल्ट तिथेच खर्च होतो. पाचाचे साडेचार राहतात. आतल्या डिस्कला साधारण ४.७५ व्होल्टपेक्षा कमी चालत नाही. मग मोटर फिरते, हेड (डेटा वाचणारा-लिहिणारा भाग) प्लेटवर (डेटा साठवणाऱ्या चकतीवर) यायला निघतं, व्होल्टेज पडतं, हेड परत जागेवर जातं आणि टिक आवाज येतो. टिकटिक ऐकली की ‘हेड गेलं’ असं दुकानातही लगेच सांगितलं जातं. अडीच इंची डिस्कमध्ये अपुऱ्या विजेनेही हुबेहूब तसाच आवाज येतो. म्हणून निदान करण्याआधी नवी, अर्ध्या मीटरपेक्षा लहान केबल लावावी, थेट मदरबोर्डवरच्या मागच्या पोर्टला, मध्ये हब किंवा एक्स्टेन्शन न ठेवता. असे दोनच प्रयत्न करावेत. तरीही टिकटिक किंवा खरखर राहिली तर डिस्क बंद ठेवावी. हेड प्लेटपासून काही नॅनोमीटर उंचीवर तरंगत असतं. खराब हेडसह प्रत्येक वेळी सुरू केल्याने प्लेट खरवडली जाते, आणि मग क्लीनरूम असलेल्या प्रयोगशाळेलाही काही करता येत नाही.

इथे नव्या केबलने डिस्क शांतपणे सुरू झाली. पोर्टला धक्का लागला की मात्र तुटत होती. म्हणून डिस्क टेबलावर आडवी ठेवून केबल टेपने पक्की केली आणि एका जागी ती टिकली.

मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. सिस्टीम लॉगमध्ये १५७ क्रमांकाच्या नोंदी डझनावारी होत्या. हा क्रमांक म्हणजे डिस्क न सांगता निघून गेली, थोडक्यात जोड किंवा वीज. शिवाय ७ क्रमांकाच्या काही नोंदी, म्हणजे न वाचता येणारा ब्लॉक. दोन्ही तक्रारी एकाच डिस्कमध्ये होत्या.

क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये स्मार्टचे, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिचे, आकडे पाहिले. ०५, म्हणजे बदललेले सेक्टर, शून्य. सी५, म्हणजे वाचता न आल्याने प्रलंबित सेक्टर, २४. सी७ शून्य. या सी७वरून पुष्कळांची फसगत होते. तो आकडा डिस्क आणि आतली यूएसबी पाटी (सर्किट बोर्ड) यांच्यामधल्या साटा जोडाच्या, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतल्या डिस्कना असतो तशा जोडाच्या, चुका मोजतो. बाहेरची यूएसबी केबल सडली तरी तो हलत नाही. सी७ शून्य म्हणून केबल चांगली, हा निष्कर्ष एक्स्टर्नल डिस्कला लागू नाही.

०५ शून्य आणि सी५ चोवीस, ही जोडी बोलकी आहे. लिहिताना वीज तुटली की सेक्टरमधला मजकूर आणि त्याची दुरुस्ती-संख्या जुळत नाहीत. डिस्कला तो वाचता येत नाही आणि ती त्याला प्रलंबित ठरवते. प्लेट तिथे खराब असतेच असं नाही. त्याच सेक्टरवर नव्याने लिहिलं की तो साफ होतो, सी५ उतरतो, ०५ वाढत नाही. प्लेटच खराब असेल तर लिहिताना सेक्टर बदलला जातो आणि ०५ चढतो. या डिस्कवर पहिली शक्यता दाट होती. पण डेटा हातात येईपर्यंत ते तपासायचं नाही, कारण तपासायचं म्हणजे त्यावर लिहायचं.

स्मार्टमध्ये सगळं ठीक दिसतं म्हणून निर्धास्त राहू नये, हेही इथेच सांगायला हवं. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ साली आपल्या डेटा सेंटरमधल्या डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात बंद पडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कमध्ये चार महत्त्वाच्या स्मार्ट निर्देशकांपैकी एकातही आधी काही दिसलं नव्हतं. धोका दिसला तर तो खरा मानावा. दिसला नाही यावर भरवसा ठेवू नये.

दोन दारं

इथे स्टुडिओपुढे खरा निर्णय होता. वॉरंटी शिल्लक होती, मग लगेच क्लेम का करू नये? कारण वॉरंटी डिस्कची असते, डेटाची नसते. क्लेम मंजूर झाला की बदली डिस्क मिळते, आणि बहुतेक वेळा ती दुरुस्त करून तपासलेली असते. जुनी डिस्क परत येत नाही, तिच्यातले फोटोही येत नाहीत. उलट डेटासाठी गावात कोणाकडून डिस्क उघडून घेतली, पाटी काढून तिचे पॅड खोडरबराने घासले, तर डेटा कदाचित मिळेल, पण सील तुटलं की वॉरंटी संपली. एक दार उघडलं की दुसरं बंद होतं. क्रम आधी ठरवूनच हात लावायचा, आणि डेटा दुसरीकडे नसेल तर आधी डेटा.

काही मॉडेलांबरोबर कंपनी ठरावीक मुदतीची डेटा रिकव्हरी सेवाही देते, सीगेटच्या काही डिस्कबरोबर ती असते. खोक्यावर किंवा सीरियल नंबर टाकून ते आधी पाहावं. या डिस्कला ती नव्हती.

पाटी बदलण्याबद्दल एक शब्द. तशाच मॉडेलची पाटी आणून बसवली की डिस्क चालते, हा समज जुना झाला. पाटीवरच्या आठ पायांच्या रॉम चिपमध्ये त्या विशिष्ट डिस्कच्या हेडची जुळणी साठवलेली असते, ती चिप हलवावी लागते. शिवाय काही पोर्टेबल डिस्कमध्ये यूएसबी पोर्ट थेट मुख्य पाटीवरच असतं आणि डेटा तिथेच एन्क्रिप्ट होतो, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात बदलतो. केसिंग फोडून डिस्क साटाला जोडू म्हणावं तर आत साटाचं पोर्टच नसतं. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याचा सल्लाही कानावर येतो. आपल्या हवेत थंडगार डिस्क बाहेर काढली की काय होतं ते वर सांगितलंच आहे.

डेटा काढताना

विंडोज ड्राइव्ह जोडताच तिच्यावर बारीकसारीक लिहितं. म्हणून लॅपटॉप सिस्टीमरेस्क्यू या लिनक्सच्या पेनड्राइव्हवरून सुरू केला आणि डिस्क माउंट न करता, म्हणजे तिच्यावरच्या फाइली सिस्टीमला उघडू न देता, डीडीरेस्क्यू या सॉफ्टवेअरने तिची सेक्टर-न्-सेक्टर प्रतिमा (हुबेहूब नक्कल) काढली. ४ टीबी डिस्कची प्रतिमा ४०,००,७८,७०,३०,०१६ बाइट्सची, म्हणून ती ४ टीबीच्याच दुसऱ्या डिस्कवर फाइल म्हणून मावत नाही. ८ टीबीची साडेतीन इंची, १२ व्होल्ट अडॅप्टरवर चालणारी नवी डिस्क आणली.

पहिली फेरी अवघड भाग वगळून, म्हणजे ‘एन’ पर्यायाने. जे सहज वाचता येतं ते आधी सुरक्षित करायचं, अडलेल्या जागी डिस्क दमवायची नाही. दुसऱ्या फेरीत उरलेल्या जागांवर तीन-तीन प्रयत्न. कुठे किती वाचून झालं याची नोंद डीडीरेस्क्यू नकाशा-फाइलमध्ये ठेवतं. ही फाइल ८ टीबीच्या डिस्कवर ठेवायची. पेनड्राइव्हवरून चालणारी सिस्टीम मेमरीत असते, नकाशा तिथेच राहिला तर लाइट जाताच पुसला जातो. पाऊस होता, लाइट दोनदा गेली. लॅपटॉप आणि बिघडलेली ४ टीबीची डिस्क लॅपटॉपच्या बॅटरीवर चालू राहिली, पण ८ टीबीचा अडॅप्टर भिंतीवर होता. लिहायची जागाच गेल्याने काम थांबलं. नकाशा शाबूत असल्याने तिथूनच पुढे सुरू झालं, आणि त्यानंतर अडॅप्टर ६०० व्हीएच्या यूपीएसवर लावला. पहिल्या फेरीला १९ तास लागले, दुसरीला सहा. शेवटी न वाचता आलेला भाग ९८,३०४ बाइट्स, म्हणजे ४,०९६ बाइट्सचे चोवीस सेक्टर. सी५चा आकडा तोच होता.

त्यानंतर मूळ डिस्क बाजूला ठेवली. पुढचं सगळं प्रतिमेवर. चेकडिस्कने विस्कटलेली फोल्डरं टेस्टडिस्कने बरीचशी जागेवर आणली. कोणत्या फाइलला भोक पडलंय हे शोधायची युक्ती साधी आहे. डीडीरेस्क्यूच्या भरण-पर्यायाने प्रतिमेच्या एका प्रतीत न वाचलेल्या जागी ओळखीचा मजकूर भरायचा आणि सगळ्या फाइलींमध्ये तो मजकूर शोधायचा. तीन फाइली निघाल्या, दोन रॉ फोटो आणि एक व्हिडिओ क्लिप. क्लिपमध्ये अर्ध्या सेकंदापुरते चौकोन दिसत होते, तेवढा तुकडा एडिटिंगमध्ये काढला. रॉ फोटोंवर आडवा पट्टा आला होता, पण त्यांच्या पोटात कॅमेऱ्याने ठेवलेली जेपेग प्रतिमा शाबूत होती. ती एक्झिफटूलने बाहेर काढली. अल्बमला पुरली.

क्लेम आणि ग्राहकांचे खासगी फोटो

कंपनीच्या संकेतस्थळावर सीरियल नंबर टाकला तेव्हा वॉरंटी बिलाच्या तारखेपासून धरलेल्या मुदतीपेक्षा तीन महिने आधी संपत असल्याचं दिसलं. बिल जोडलं नाही तर मुदत डिस्क कारखान्यातून निघाल्याच्या हिशेबाने धरली जाते. बिल अपलोड केल्यावर तारीख दुरुस्त झाली. बिलावर सीरियल नंबर छापलेला असला तर वाद उरत नाही. ऑनलाइन बिलावर तो बहुधा नसतो, म्हणून खोकं जपावं.

आपल्याकडे आणखी दोन प्रकार वारंवार दिसतात. आखातातून नातेवाइकांनी आणलेली डिस्क, आणि दुकानदाराने जुन्या लॅपटॉपची डिस्क नव्या केसिंगमध्ये घालून दिलेली. पहिलीची वॉरंटी बहुतेक वेळा विकलेल्या प्रदेशापुरती असते, भारतात क्लेम नाकारला जाऊ शकतो. दुसरीत आतल्या डिस्कचा नंबर तपासला तर ती लॅपटॉप कंपनीला पुरवलेली निघते आणि डिस्क कंपनी तिची वॉरंटी घेत नाही. विकत घेतानाच नंबर तपासणं हा पाच मिनिटांचा उद्योग आहे.

स्टुडिओची पुढची अडचण नाजूक होती. डिस्कवर अकरा कुटुंबांचे खासगी फोटो. ते परक्याच्या हाती देणं बरोबर नाही, म्हणून पाठवण्याआधी पूर्ण डिस्क शून्यांनी भरायला हवी. पण शून्यं भरली की प्रलंबित सेक्टर साफ होतात, आणि मग सर्व्हिस सेंटरच्या चाचणीत डिस्क पास होऊन ‘दोष आढळला नाही’ म्हणून परत येऊ शकते. म्हणून क्रम असा ठेवला. डेटाच्या दोन प्रती तपासून झाल्यावर कंपनीच्याच सॉफ्टवेअरची लांब चाचणी चालवली. ती अपयशी ठरली. सीरियल नंबर आणि चूक-कोड दिसेल असा स्क्रीनशॉट घेतला, पोर्टचे आणि सीलचे जवळून फोटो काढले, क्लेम नोंदवून नंबर घेतला, आणि त्यानंतरच शून्यं भरली. त्याला सुमारे १३ तास लागले. भरून झाल्यावर सी५ शून्य, ०५ शून्य. प्लेट चांगली होती. मार विजेचा आणि जोडाचा होता.

नव्या केबलनेही धक्का लागताच डिस्क तुटत होतीच. म्हणून क्लेममध्ये तो दोष लिहिला, कोणत्या बाजूला केबल दाबली की तुटते तेही. नुसत्या ‘चालत नाही’ऐवजी असं लिहिलेलं असलं की तपासणाऱ्याला दोष पुन्हा दिसतो. डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, वर सिलिका जेलच्या पुड्यांसह झिपची पिशवी, सर्व बाजूंनी पाच सेंटिमीटर फोम. केबल पाठवली नाही. ती मागितलेली नसते, आणि इथे तर हिरवी झालेली केबलच ‘ओलाव्याने खराब’ या शेऱ्याला निमित्त ठरली असती. वॉरंटीच्या अटींतून द्रवाने आणि अयोग्य साठवणीने झालेलं नुकसान वगळलेलं असतं. डिस्कच्या पोर्टमध्ये हिरवा थर असता तर क्लेम टिकणं कठीण होतं.

कणकवलीहून कुरिअर गेल्यापासून पाच आठवड्यांनी बदली डिस्क आली. दुरुस्त करून तपासलेली, ४ टीबीचीच, वॉरंटी मूळ मुदतीतली उरलेली.

नाकारला असता तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ ही पहिली पायरी. नंतर जिल्हा ग्राहक आयोग, आणि २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यात, कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल करता येते. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. स्टुडिओवाल्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. बिल जीएसटीसह फर्मच्या नावावर असेल तर समोरचा पक्ष ‘व्यावसायिक खरेदी, म्हणून ग्राहक नाही’ असा मुद्दा काढतो. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू त्याच कायद्याने या अपवादातून वगळली आहे. स्टुडिओ स्वतः चालवतो, पोट त्यावर आहे, हे तक्रारीतच लिहावं.

आता डिस्क कुठे ठेवतात

रबरी कडेचा पाच लिटरचा हवाबंद डबा, तळाला २५० ग्रॅम केशरी सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास तापवलं की पुन्हा केशरी होतं. केबल वेगळ्या पिशवीत, टोकांना टोपणं. एसीच्या खोलीतून निघताना डिस्क तिथेच झिपच्या पिशवीत बंद करायची आणि बाहेर दीड-दोन तासांनीच पिशवी उघडायची. पावसाळ्यातही महिन्यातून एकदा डिस्क जोडून एखादं मोठं फोल्डर वाचायचं, म्हणजे बिघाड गणपतीच्या तोंडावर न कळता जुलैतच कळतो.

नव्या डिस्कवर पहिल्याच दिवशी व्हेराक्रिप्ट हे डिस्क पासवर्डने एन्क्रिप्ट करणारं सॉफ्टवेअर चढवलं. विंडोजचं स्वतःचं तसंच सॉफ्टवेअर म्हणजे बिटलॉकर टू गो, पण होम आवृत्तीत ते तयार करता येत नाही, फक्त उघडता येतं. डिस्क एन्क्रिप्ट असेल तर पुढच्या क्लेमला शून्यं भरावी लागणार नाहीत आणि बिघाडाचा पुरावाही पुसला जाणार नाही. पासवर्ड आणि हेडरची (डिस्कच्या सुरुवातीच्या, किल्ली साठवलेल्या भागाची) प्रत मात्र डिस्कबाहेर हवी, कारण हेडर गेलं तर कोणतीही प्रतिमा उपयोगाची नाही.

पोर्टेबल एसएसडीचा विचार झाला. धक्का, टिकटिक, हेड या भानगडी तिच्यात नाहीत, पण यूएसबीच्या पिना तिलाही आहेत आणि मीठ त्यांनाही खातं. शिवाय वापरून झिजलेली एसएसडी विजेशिवाय वर्षानुवर्षं ठेवण्यासाठी बनलेली नसते. म्हणून चालू काम एसएसडीवर, साठवण दोन हार्ड डिस्कवर. त्यातली ८ टीबी स्टुडिओत, दुसरी घाटावर नातेवाइकांकडे. मेमरी कार्ड दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय फॉरमॅट होत नाही, आणि तशी सही कार्डाच्या वहीत करावी लागते.